मामांच्या ट्रकला नवा पाईप

नायट्रोचा वास एकदा हाताला लागला की जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, राखेनं घासा, काही उपयोग नाही. ते इंधन जळून मागे जो चिकट, काळपट थर उरतो तो नखांत जाऊन बसतो आणि भाकरी मोडताना नेमका नाकाशी येतो. शी! मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आठवडाभर स्वच्छ टेबलावर, स्वच्छ हातांनी लोकांचे सुटे भाग मोजायचे, आणि रविवारी कोरेगावला मामांच्या पडवीत फतकल मारून हे तेल पुसायचं. यात ज्यांना मौज वाटते त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. मला ती कधीच वाटली नाही. मामा नसते तर मी त्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

गाडी म्हणजे रिमोटवर पळणारा मॉन्स्टर ट्रक. लोकांना वाटतं, सेल टाकायचे आणि पळवायचं खेळणं. तसं नाही. आकार कोकराएवढा, चाकं मात्र अंगाला न शोभणारी, ढब्बू. पोटात खरंखुरं इंजिन. दोरी ओढून चालू करायचं, टाकीत नायट्रोचं इंधन ओतायचं, आणि मग ते असं काही किंचाळत सुटतं की शेजारची कुत्री गाव सोडतात. हातात पिस्तुलासारखा रिमोट असतो. त्याच्या घोड्यावर बोट ठेवून वेग द्यायचा आणि बाजूला स्पंजाचं छोटंसं चाक असतं, ते फिरवून गाडी वळवायची.

त्या स्पंजाच्या चाकावर मामांचा जीव होता. मामा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या चालवून आलेला माणूस. सुटून आल्यावर त्यांनी वडापची जीप घेतली, कोरेगाव ते सातारा माणसं कोंबून न्यायची. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. त्यांच्या पुण्यातल्या मुलांनी जीप विकून टाकली. नंतर मामींनी स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. मामा नुसते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्यांना शिव्या घालायला लागले, "गिअर टाक की भडव्या, इंजिन बोंबलतंय," असं. तेव्हा थोरल्या मुलानं हा ट्रक आणून दिला. म्हातारा शांत बसेल एवढाच हिशेब. पण मामांनी तो रिमोट हातात घेतला आणि त्यांची पाठ ताठ झाली, ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. स्टिअरिंग म्हणावं असं जगात तेवढंच एक त्यांच्याकडे उरलं होतं. ते गेलं असतं तर मामा संपले असते. मी वाढवून सांगत नाही, असंच होतं ते.

"डोळ्यांचं कसंय मामा?" म्हणून विचारलं की एकच उत्तर. "औषध घालतोय. झकास दिसतंय. तुझ्या नाकावरचा राग बी दिसतोय." मी हसायची आणि विषय तिथं संपायचा.

तर, त्यांना क्लब सापडला. पलूसच्या बाजूला, ऊस तुटून गेलेल्या एका रानात काही हौशी मंडळींनी मातीचा ट्रॅक केला होता. द्राक्षबागायतदार, पोल्ट्रीवाले, एक दातांचे डॉक्टर, मोबाईलच्या दुकानांचे मालक, असे सगळे. मातीच्या उड्या, वळणावर जुने टायर रचलेले, आणि ड्रायव्हरांनी उभं राहायला उसाची रिकामी ट्रॉली. ट्रॉलीवर चढायला लोखंडी शिडी. वरून सगळा ट्रॅक दिसतो म्हणून ती सोय. मामा पहिल्या दिवशी त्या ट्रॉलीवर उभे राहिले आणि खाली उतरल्यावर मला म्हणाले, "पोरी, कॅम्पात आल्यासारखं वाटलं." त्यानंतर महिन्यातून एक रविवार माझा गेला तो गेलाच. मी माझ्या गाडीच्या डिकीत ट्रक, हत्यारं, इंधनाचा डबा कोंबायची, मामांना शेजारी बसवायची आणि रहिमतपूर, कराड करत पलूस गाठायची.

ट्रॅक चांगला होता, मी नाकारत नाही. माणसांची मात्र मला शिसारी यायची. कडेला उभं राहून मावा चघळायचा आणि पिचकारी कुठं, तर ज्या मातीत मी गुडघे टेकून चाक बदलणार तिथं. गाडी उलटली की सरळ करायला जो माणूस ठेवलेला, त्याचे हात त्याच माव्यानं लाल. त्याच हातानं तो आमची गाडी उचलणार. शिवाय प्रत्येक शर्यतीला फ्लेक्स. गाडी हातभर आणि फ्लेक्स बैलगाडीएवढा, त्यावर गॉगल लावलेले सगळे पदाधिकारी. खेळण्याच्या गाडीच्या क्लबाला अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि मार्गदर्शक! मार्गदर्शकांना टाकीचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं ते ठाऊक नव्हतं. आणि मला बघून प्रत्येकाचं ठरलेलं वाक्य, "ताई, तुमी सावलीला बसा, आमी बघतो मामांचं." तुमचं डोंबल बघता तुम्ही. स्वतःच्या गाडीचा स्क्रू ढिला आहे ते आधी बघा.

या वर्षीच्या हंगामात मामा पहिल्यांदा फायनलपर्यंत पोचले. जुन्याच इंजिनावर, जुन्याच पाईपवर. धुराचा तो पाईप एका उडीत आपटून चेमटला होता आणि त्याला बारीक चीर गेली होती, त्यामुळं ट्रक चालताना फाटक्या पिपाणीसारखा वाजायचा. लोक हसायचे. पण मामांची वळणं अशी सुरेख निघायची की हसणारे गप्प व्हायचे. फायनलला निवड झाली त्या दिवशी मामा परतीच्या वाटेवर रिमोट मांडीवर घेऊन बसले होते. कराडच्या पुढं म्हणाले, "ही फायनल नीट झाली, की मग पुढच्या हंगामाचं बघू. न्हाई झाली तर ठेवून दिऊ रिमोट." मला त्यांचा आवाज आवडला नाही. मी म्हटलं, नीट होणार, ट्रकचं सगळं मी करते.

आणि मी खरंच सगळं केलं. प्लास्टिकचा मोठा गिअर काढून पोलादी घातला, कारण फायनलच्या झटक्यांपुढं प्लास्टिकचे दात टिकले नसते. पुढच्या-मागच्या चाकांच्या गिअरपेट्यांत जाड तेल भरलं, म्हणजे वळणावर एकच चाक वेड्यासारखं फिरत बसत नाही. वळवणारी मोटर धातूच्या गिअरची बसवली. क्लबातले सगळे चाकं धरणारे दांडे चमचमणाऱ्या ॲल्युमिनियमचे लावतात, लग्नातल्या घोड्यासारखे दागिने. मी लावले नाहीत. ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं, प्लास्टिक झटका खाऊन परत जागेवर येतं. अध्यक्षांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "पण ताई, दिसायला पण काय तरी पायजे ना." मी हात टेकले.

मग आला नियम. गेल्या हंगामात पलूसच्या एका द्राक्षवाल्यानं एका ठराविक इंजिनावर आणि ठराविक पाईपवर सगळ्या शर्यती मारल्या होत्या. झालं! सगळ्यांनी तेच इंजिन आणलं, तोच पाईप आणला. आमच्याकडं ही खोडच आहे. एकानं हळद लावली की गावानं हळद लावायची, एकानं बंगल्याला गुलाबी रंग दिला की गल्ली गुलाबी. आणि सगळ्यांनी आणून झाल्यावर मंडळानं ठरवलं की न्याय व्हायला पाहिजे, म्हणून फायनलला सर्वांचं इंजिन एकच, पाईप एकच. वेगळा असेल त्यानं खाली बसायचं. न्याय म्हणे! वेगळे फक्त मामा होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण भांडून उपयोग नव्हता. मी इंजिन मागवलं.

मामा इंजिनाबद्दल काही बोलले नाहीत. पाईप बघितल्यावर मात्र अडून बसले.

"पाईप जुनाच असू दे."

"मामा, नियम झालाय."

"नियमाला सांग, म्हातारा मेलाय म्हणून."

"आवं, काय बोलताय? चेमटलाय तो. फाटलाय. ताकद निम्मी खातो."

"खाऊ दे. ह्यानं आवाज बिघडतो."

"आवाजाशी काय करायचंय? शर्यत हाय का भजन?"

मामा हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्याला ते टाळी द्यायचे. त्यांनी पाईप हातात घेतला, बोटानं वाजवून बघितला आणि परत माझ्या पुढ्यात ठेवला. "लाव मग," म्हणाले आणि आत जाऊन पडले. मला राग आला. आठवडाभर राबून, दुकानं शोधून, सुटे भाग जमवून हे करतेय कुणासाठी? आणि हा माणूस रुसतोय एका फाटक्या नळीसाठी. म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं.

नवं इंजिन लगेच पळवून चालत नाही, सुरुवातीच्या काही टाक्या सावकाश, भरपूर इंधन पाजत चालवाव्या लागतात. मामांनी ते घरामागच्या रानात केलं, रोज सकाळी, एकट्यानं. मामी फोनवर म्हणायच्या, "डोळं मिटून चालवत्यात गं. मी चहा घेऊन गेले तर मला म्हणं, बोलू नगंस." मला वाटलं, मामांचं नाटक. नव्या पाईपाची सवय झाली, असं त्यांनीच मला पुढच्या रविवारी सांगितलं. "वळतंय आता कानाला," म्हणाले. ट्रकच्या वरच्या टपाला मात्र त्यांनी स्वतः रंग निवडला. भडक पिवळा, भंडाऱ्यासारखा. मी म्हटलं, एवढा भडक? तर म्हणाले, "लांबून उठून दिसला पायजे." त्यात मला काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांनाच आपली गाडी उठून दिसायला हवी असते.

फायनलच्या दिवशी मला एकाच गोष्टीची धास्ती होती, गुलालाची. नायट्रोचं इंजिन हवा ओढतं, आणि त्या हवेबरोबर बारीक पूड आत गेली की आतला दट्ट्या खरवडून निघतो आणि इंजिन कामातून जातं. आणि आपल्या लोकांना गुलालाशिवाय काही करताच येत नाही. निवडणूक असो, बैल असो, बारावीचा निकाल असो, उधळ गुलाल. मी अध्यक्षांना आदल्या रविवारीच हात जोडून सांगितलं होतं, बक्षीस समारंभाला काय पोती रिकामी करायची ती करा, शर्यतीआधी नको. "ताई, शब्द दिला," म्हणाले. मला त्या शब्दाची किंमत माहीत होती. मी हवेच्या गाळणीवर माझा जुना नायलॉनचा मोजा दुहेरी करून ताणून बांधला.

प्रमुख पाहुणे आले तेच मुळी उशिरा. ढोलताशा, साउंड सिस्टीम, हार, नारळ, भाषण. पाहुण्यांनी भाषणात आमच्या गाड्यांना दोनदा "ड्रोन" म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर सगळ्या गाड्या रांगेत उभ्या, इंजिनं चालू, मी मामांच्या ट्रकमागे गुडघ्यावर. मामा वर ट्रॉलीवर, रिमोट छातीशी धरून. निवेदक माइकवर ओरडला, आणि पाहुण्यांनी झेंडा खाली आणायच्या आधी दुसऱ्या हातानं परातीतला गुलाल मुठीमुठीनं उधळला. नुसता उधळला नाही, रांगेवरून चालत चालत एकेका गाडीवर ओतला. कार्यकर्त्यांना चेव आला, त्यांनी उरलेली परात पालथी घातली. माझ्या तोंडात, डोळ्यांत, केसांत गुलाल. माव्याच्या पिचकाऱ्यांवर गुलाल. मी थुंकले. एवढ्या माणसांत, पाहुण्यांच्या बुटांजवळ थुंकले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

धुरळा बसला तेव्हा रांगेतल्या सगळ्या गाड्या गुलाबी होत्या. लाल, निळ्या, हिरव्या, आमची पिवळी, सगळ्या एकसारख्या गुलाबी.

झेंडा पडला. सगळी इंजिनं एकदम किंचाळली. मोजा टिकला, इंजिन एकदाही अडखळलं नाही, आमचा ट्रक बाणासारखा सुटला. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आणि पहिल्या वळणाला तो वळलाच नाही. सरळ गेला, टायरांवर चढला, उलटा होऊन पलीकडच्या पाचटात पडला आणि बंद झाला. मला वाटलं, वळवायची मोटर गेली. लाल हातांचा माणूस धावत गेला आणि ट्रक आणून माझ्या हातात दिला. मी चाकं फिरवून बघितली. वर मामा रिमोटचं चाक फिरवत होते तशी माझ्या हातातल्या ट्रकची चाकं डावी-उजवी वळत होती. मोटर ठणठणीत. काहीच बिघडलेलं नव्हतं.

मग हे वर काय चालवतायत?

मी ट्रक काखेत मारला आणि ट्रॉलीची शिडी चढून मामांच्या मागं जाऊन उभी राहिले. "मामा, गाडी बंद पडलीय!" म्हणायला तोंड उघडलं होतं. खाली एवढा कल्लोळ होता की ओरडूनच सांगावं लागलं असतं. पण आधी त्यांचे हात दिसले. मामा गाडी चालवत होते. सरळ रस्त्यावर घोडा ओढून, उडीआधी सोडून, वळणावर चाक हळूच आत घेऊन. नजर ट्रॅकवर नव्हतीच. मान तिरकी करून, कान पुढं करून ते उभे होते. आणि त्यांचं चाक, माझं कामच बारीक फरक पकडायचं आहे म्हणून मला दिसलं, पुढं पळणाऱ्या त्या पलूसच्या द्राक्षवाल्याच्या गाडीच्या किंचित मागून वळत होतं. ती वळायची, तिचा आवाज बदलायचा, आणि मग मामा वळायचे.

मला तिथं उभ्या उभ्या सगळं कळलं. फाटकी पिपाणी. "आवाज बिघडतो." रानात मिटलेले डोळे. मामांना ट्रॅक दिसत नव्हता, कदाचित हा सबंध हंगाम दिसला नव्हता. दिसत असेल तो एक पिवळा ठिपका, तोही जवळ आल्यावर. बाकी सगळं कानावर. नवा पाईपही त्यांनी कानाला शिकवला होता. पण एकटा ट्रक रानात वाजतो ते वेगळं, आणि तोच आवाज सगळ्या बाजूंनी येतो ते वेगळं. आणि पिवळा ठिपका त्या गाढवानं गुलालात बुडवला. मला क्लबाची, नियमाची, त्या परातीची, निवेदकाची किळस आली. निवेदकानं नेमकं तेव्हाच पाहिलं आणि माइकवरून हसत म्हणाला, "मामा, गाडी तर ताईंच्या काखंत हाय, तुमी काय इमान चालवताय का?" लोक खदाखदा हसले. मी वरूनच त्याला हातवारे करून जी शिवी हासडली ती इथं लिहिता येणार नाही.

कान त्या एका गाडीवर लागलेला, इंजिनांच्या गदारोळात मामांना ते ऐकू गेलं नाही. दुसऱ्या कुणाचं मी जाऊ दिलं नाही. दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरांनी माझ्याकडं पाहिलं, मी तोंडावर बोट ठेवलं. मामांच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर असं हसू होतं, जे जीप विकल्यापासून मी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण पुढं आहोत. मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. टाकी संपेपर्यंतच तर शर्यत होती.

ती संपली. एकेक गाडी बंद होत गेली. खाली पलूसवाल्याला खांद्यावर घेतलं, पुन्हा गुलाल. मामांनी घोडा सोडला, श्वास टाकला आणि मागं न बघता म्हणाले, "पोरी, आलीस का? कशी पळाली?"

मी ट्रक काखेतून पुढं घेतला. त्यांनी वळून हात पुढं केला, हाताला ट्रक लागला. "आणलास बी?" म्हणत त्यांनी टपाखालून हात घालून इंजिनावर तळवा ठेवला. पळून आलेल्या इंजिनाला हात लावला तर फोड येतो, तिथल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं. मामांनी हात काढला नाही. तसाच ठेवला, बराच वेळ.

"कवा बंद पडली?"

"पहिल्याच वळणाला."

"मग मी कुणाची चालवली?"

"पलूसवाल्याची."

"कितवी आली?"

"पहिली, मामा."

त्यांनी मान हलवली. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून माझाच राग आला. गुलालाचे ओघळ पुसत मी म्हटलं, "मला सांगायचं न्हाई व्हय? एका शब्दानं सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू मला हितं उभं ऱ्हाऊ दिलं असतंस का?"

त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मग मी जिथं उभी होते त्याच्या जरा बाजूला, रिकाम्या जागेत हात पुढं केला आणि म्हणाले, "हात धर पोरी. शिडी दिसंना मला."